प्रकल्प नोंदी : शाळेचं सौभद्र, बडोदे, 2024

2 जुलै 2024

वार्षिकोत्सवाची पहिली बैठक. दरवर्षीचा क्रम ठरलेला: सिनेमाच्या गाण्यांवर सहा-सात नाच, एक देशभक्तीपर, एक गरबा, मग बक्षिसं आणि आभार. यंदा नववीच्या काही मुलांनी मुख्याध्यापिकाबाईंना लेखी अर्जच दिला. त्यांना पूर्ण लांबीचं म्युझिकल करायचंय. इंग्लिश मीडियमची मुलं, त्यामुळे डोळ्यांपुढे परदेशी शाळांचे व्हिडिओ होते हे उघड होतं. माझ्याकडे संगीत विषय, म्हणून अर्ज माझ्या गळ्यात.

मी म्हटलं, करू या, पण गाण्यांचं नाटक बघायला इतक्या लांब कशाला जायचं? अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये मराठीत सुरू केलंच आहे. तुमच्यातल्या निम्म्यांच्या आज्या दांडियाबाजारात, म्हणजे इथल्या मराठी वस्तीत, त्याच्याच कॅसेटी ऐकत मोठ्या झाल्या. एक आठवडा संहिता वाचा, नाही आवडली तर तुमचं ते इंग्रजी करू.

11 जुलै

किर्लोस्करांच्या 'सौभद्र'चं वाचन झालं. मी निवडलं त्याला कारण आहे. कथानक द्वारकेत घडतं, म्हणजे वर्गातली गुजराती मुलं पाहुणी राहत नाहीत. सुभद्रेचं लग्न थोरल्या भावाला, बलरामाला, दुर्योधनाशी लावायचंय, धाकट्याला, कृष्णाला, अर्जुनाशी, आणि अर्जुन संन्याशाचं सोंग घेऊन त्याच घरात मुक्काम ठोकून बसलाय. बलराम स्वतःच बहिणीला त्या संन्याशाच्या सेवेला पाठवतो, इथे पोहोचलो तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "टीचर, आ तो कॉमेडी छे!" तिथेच निकाल लागला.

इतिहासाच्या बेन, म्हणजे बाई, वाचनाला बसल्या होत्या. त्यांनी मुलांना सांगितलं की 1882 मध्ये हे नाटक रंगभूमीवर आलं तेव्हा सुभद्रा झाले होते भाऊराव कोल्हटकर, आणि ते जन्माने बडोद्याचे. वर्गात एकदम गलका. बडोद्याचा मुलगा, आणि सुभद्रा? मग बायका नाटकात काम करत नसत, पुरुषच स्त्रीपार्ट करायचे, भाऊरावांचा आवाज कसा चढा आणि गोड होता, असं बरंच निघालं. बेन मूळच्या नडियादच्या, मराठी समजतं पण बोलत नाहीत. तरी तासभर त्याच बोलल्या. नंतर स्टाफरूममध्ये मला म्हणाल्या, "हे माझं पोर्शन आहे हां, तुमचं नाही." घ्या म्हटलं.

18 जुलै

काटछाट. मूळ पाच अंक, शंभरावर पदं. जुन्या काळी रात्रभर चालायचं, आम्हाला मिळालेत दीड तास. मुलांनी नियम केला: जे पद गोष्ट पुढे नेतं ते ठेवायचं, जे गद्यात झालेलं पुन्हा सांगतं ते काढायचं. नियम चांगला, पण या नाटकात त्याने अर्धी मजा जाते. लोक गोष्टीसाठी येतच नसत, गोष्ट सगळ्यांना पाठ होती. शेवटी तडजोड झाली. सोळा पदं ठेवली, त्यातली पाच नियमाबाहेरची, निव्वळ हौसेखातर.

सुरुवातीला सूत्रधार मराठीत बोलेल आणि नटी त्याला गुजरातीत उत्तर देईल. प्रेक्षकांत निम्मे पालक गुजराती, त्यांना धागा मिळायला हवा. ही कल्पना मुलांचीच. गुजरातीच्या बेन संवाद लिहून देणार आहेत.

1 ऑगस्ट

निवड झाली. नावं इथे लिहीत नाही, वही सगळ्यांच्या हातात फिरते. पात्रांच्या नावानेच लिहीन.

सुभद्रा नववीतली, घरी मराठी. गळा काळी चारला, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी षड्ज धरून, मोकळा आणि वरच्या पंचमापर्यंत बिनधास्त जातो. अर्जुन अकरावीतला, काळी एकला गातो. कृष्ण आठवीतला, अजून बालआवाज, पांढऱ्या चारला अगदी चांदीच्या वाटीसारखा. बलराम गुजराती, अंगापिंडाने बलराम, गाणं शून्य, म्हणून त्याला गद्यच. रुक्मिणी दहावीतली. घटोत्कच पीटीच्या सरांनी पाठवला, कबड्डी संघातला.

उच्चारांचं भय होतं, ते भलतीकडेच निघालं. गुजराती मुलांना ळ मुळीच अडत नाही, त्यांच्या भाषेत तो आहेच. अडतो तो 'चांदणं'मधला च आणि 'जाऊ'मधला ज. बलराम हल्ली जिभेचं टोक दातांना लावून जिन्यात उभा असतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला "चाबूक, चाबूक" म्हणून दाखवतो.

एक मुलगी काही गाणार नाही, बोलणार नाही, फक्त बॅकस्टेज करीन म्हणाली. घेतली. समा भागातली आहे, सायकलवर येते.

13 ऑगस्ट

पट्ट्यांचा घोळ निस्तरला. पात्रागणिक स्वर बदलतो, म्हणजे पेटीवाल्याला दर पदाला नवी पट्टी धरायची. तो सरावाने करेल. तबल्याचं तसं नाही. काळी चारला लहान तोंडाचा टिपेचा तबला लागतो, काळी एकला मोठ्या तोंडाचा. एकच तबला तीन सुरांनी वरखाली ओढायला गेलं तर मधल्या प्रवेशात हातोडीची ठकठक ऐकू येणार, आणि वादी तुटली तर खेळ खलास. म्हणून दोन तबले, एक डग्गा. मुलाने स्वतःच युक्ती काढली: दुसरा तबला लावून डाव्या बाजूला चुंबळीवर तयार ठेवायचा आणि संवादाच्या शेवटच्या दोन वाक्यांत अदलाबदल करायची. कुठली दोन वाक्यं, ते संहितेत लाल पेनाने लिहून ठेवलंय.

3 सप्टेंबर

तालमी नाहीत. 26 ऑगस्टपासून पाऊस, मग विश्वामित्री नदी शहरात. काळा घोड्याच्या पुलापाशी पाणी 35 फुटांच्या वर गेलं. सयाजीगंज, फतेगंज, अकोटा, समा, सगळीकडे पाणी. रस्त्यात मगरी निघाल्याचे फोटो बाहेरगावच्या नातेवाइकांनी आम्हालाच पाठवले. आज शाळा उघडली. तळमजल्यावरच्या संगीतवर्गात कमरेइतकं पाणी होतं, भिंतीवर गाळाची रेघ आहे.

दोन पेट्या पाण्यात. तबले वरच्या फळीवर होते म्हणून वाचले. आमच्या बॅकस्टेजवालीच्या घरात तळमजला पूर्ण बुडाला. ती आज आली आणि पहिला प्रश्न संहितेच्या झेरॉक्सबद्दल केला. तिची स्वतःची प्रत माळ्यावर ठेवली होती म्हणे.

नाटक रद्द करायचं का, असं बाईंनी विचारलं. मी मुलांना विचारून सांगते म्हटलं. मुलं पेट्या उन्हात ठेवायला गेली होती.

10 सप्टेंबर

उन्हात नाही, सावलीत, म्हणून मी ओरडले. ओलं लाकूड एकदम तापलं की तडकतं. भात्याचं कापड कुजलं होतं, पट्ट्या फुगून एकमेकींना चिकटल्या होत्या, पितळी सूर, म्हणजे आतल्या स्वरांच्या पात्या, हिरवट पडले होते. पेटी दुरुस्तीवाला महिनाभर मोकळा नाही, पूर सगळ्यांच्याच घरात शिरलाय.

मग भौतिकशास्त्राचे सर आले. त्यांना पेटीतलं काही कळत नाही, स्क्रू मात्र कळतात. चार मुलं घेऊन प्रयोगशाळेच्या टेबलावर पेटी खोलली. प्रत्येक सूर काढायच्या आधी त्याची जागा पेन्सिलीने लिहिली. मऊ ब्रशने साफ केला, पुन्हा बसवला. मी एकच बजावलं होतं, की सुराच्या जिभेला काचकागद लावायचा नाही. टोकाशी घासलं तर स्वर चढतो, मुळाशी घासलं तर उतरतो, आणि ते काम कानाचं, हाताचं नाही. सरांनी लगेच फळ्यावर आकृती काढून असं का होतं ते समजावलं: टोकाचं वजन घटलं की जीभ लवकर हलते, मुळाशी पातळ झाली की तिचा ताठपणा जातो. इतकी वर्षं मी हे करत आलेय, कारण आज कळलं.

एक पेटी बोलायला लागली. मंद्र सप्तकातला कोमल निषाद फसफसतो, पण आपल्याला तो फार लागत नाही. दुसरी गेली.

गणपतीचे दिवस. काल दांडियाबाजारच्या एका मंडळात मुलांनी दोन पदं म्हटली. मला नंतर कळलं. परवानगी मागितली असती तर मी नाहीच म्हटलं असतं, तयारी कच्ची होती. एका आजोबांनी पाचशे रुपये दिले, ते त्यांनी 'पेटी फंड' लिहिलेल्या लिफाफ्यात आणून ठेवले.

26 सप्टेंबर

3 ऑक्टोबरला घट बसतात. बडोद्यात नऊ रात्री तालीम ठेवणं म्हणजे वेडेपणा, ठेवली नाही. कपडे भाड्याने देणाऱ्यांकडे दसऱ्यापर्यंत चणियाचोळी आणि केडियूशिवाय बोलायची सोय नाही.

त्यावरूनच वाद पेटला. जुन्या फोटोंत सुभद्रा नऊवारीत, अंगावर शेला. गुजराती मुली म्हणाल्या, द्वारका तो अमारी, मग राजकन्या नऊवारीत कशी? मराठी मुली म्हणाल्या, नाटक आमचं. दोन्ही बाजू बरोबर, म्हणून मी गप्प बसले आणि वह्या तपासल्या. अर्ध्या तासाने तोडगा निघाला: बांधणी, पण नऊवारी नेसून. आता बांधणीची साडी साडेपाच मीटर आणि नऊवाराला सव्वाआठ मीटर हवेत. कुसुमावती करणाऱ्या मुलीची आई शिवणकाम करते. तिने एकाच रंगाच्या दोन बांधण्या मंगळबाजारातून आणल्या, एकीचा पदर काढला आणि तिचा लागेल तेवढा भाग दुसरीला अशा मापाने जोडला की शिवण कासोट्यात जाते. नेसवायला आमच्या सुभद्रेची आजी आली. एक शिवणारी, एक नेसवणारी, दोघींना एकमेकींची भाषा अर्धीच येते. मापं मात्र बोटांनीच सांगितली जात होती. आजी म्हणाल्या, "हिला सांगा, निऱ्या धरायला जागा सोडलीय ते फार शहाणपणाचं केलं." मी सांगायच्या आत त्या बाईंनी मान डोलावली.

मी ही साडी हातात घेऊन शिवण शोधली. सापडली नाही.

15 ऑक्टोबर

दसरा झाला. निम्म्यांचे गळे बसलेत, सगळ्यांचे पाय दुखतात. आज फक्त वाचन. घटोत्कचाच्या प्रवेशाला तबल्याऐवजी ढोल घ्यायचं ठरलं, नवरात्रात वाजवणारा मुलगा आठवीतच निघाला.

20 नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपली आणि कृष्ण घोगरा होऊन आला.

तीन आठवड्यांत आवाज फुटला. पांढऱ्या चारचा षड्ज लावायला गेला तर मधेच चिरकतो, खाली काळी एकला उतरवला तर हवाच येते. मधले चारपाच स्वर तेवढे धड. वर्गात हशा झाला. तोही हसला, मग बाहेर जाऊन नळापाशी उभा राहिला. या वयाच्या मुलाला गळा ताणायला लावणं म्हणजे गुन्हा आहे, हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवते, पुढे कोणी वही वाचेल म्हणून.

पर्याय तीन. कृष्ण बदलायचा, पदं रेकॉर्ड करून ओठ हलवायचे, किंवा पदं कापायची. मुलांनी तिन्ही नाकारले. रेकॉर्डिंगला तर पेटीवाला म्हणाला, मग मी इथे कशाला बसू?

22 नोव्हेंबर

कृष्णानेच काढलं. संहितेत पदांबरोबर साक्या आणि दिंड्या, म्हणजे कीर्तनातली छोटी वृत्तं, आहेत, आम्ही काटछाटीत बहुतेक उडवल्या होत्या. दिंडीची चाल चारपाच स्वरांत फिरते, कीर्तनकार म्हणतात तशी, बोलण्याला लागून. तो जुनी प्रत घेऊन आला आणि म्हणाला, "टीचर, एमां ऊंचुं जवानुं ज नथी." वर जायचंच नाही त्यात. बरोबर होतं. त्याच्या दोन मोठ्या पदांच्या जागी कापलेल्या दिंड्या परत आल्या, पट्टी पांढरी दोन. मूळ नाटककाराने कीर्तनाच्या, लावणीच्या, कानडी चाली घेऊन हे असं सगळ्या गळ्यांना पुरेल असं सामान भरून ठेवलंय, आणि आम्ही त्यातलं फक्त चमकदार तेवढं उचललं होतं.

घोगऱ्या आवाजातला कृष्ण जास्त लबाड वाटतो, ही भर.

30 नोव्हेंबर

गणिताचे सर नाटकाच्या विरोधात आहेत. पहिल्यापासून आहेत, आणि त्यांचं चुकतं असं मला म्हणवत नाही. दहावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीअखेर, रुक्मिणी त्यांची. आज बाईंसमोर बसून ठरलं: ती फक्त रविवारी सकाळी येईल. तिचा एकच प्रवेश आहे, तेवढ्यात होईल. बाकी दिवशी कृष्ण खुर्चीवर ओढणी टाकून त्या खुर्चीचा रुसवा काढतो. बघायला फार मजेचं, पण सरांना बोलावलं नाही.

11 डिसेंबर

बॅकस्टेजवालीने एक कागद बनवलाय. कार्डशीटवर उभ्या रांगा प्रवेशांच्या, आडव्या रांगांत प्रकाश, माइक, पडदा, सामान, कोण कुठल्या विंगेतून. प्रत्येक चौकटीत मिनिट आणि संवादाचा शेवटचा शब्द. तबल्याची अदलाबदलसुद्धा आहे. 'वन्स मोअर' असा एक वेगळा रकाना आहे, त्यात लिहिलंय: 'एकच. वेळ असेल तर. मी हिरवी टॉर्च दाखवली तरच.'

जुन्या नाटकांत वन्स मोअरमुळे पहाट व्हायची, हे तिने इतिहासाच्या बेनकडून ऐकलं होतं. आपला हॉल नऊला रिकामा करायचाय.

गणिताच्या सरांनी तो कागद चहाच्या वेळी पाहिला. बराच वेळ पाहिला. मग एका चौकटीवर बोट ठेवून म्हणाले, इथे अर्जुन डाव्या विंगेत आहे आणि दोन मिनिटांनी उजवीकडून येतो, मागे रस्ता आहे का? नव्हता. तिने दुरुस्त केलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी झेरॉक्स काढून वर्गात मॅट्रिक्स शिकवायला नेली. नाटकाला विरोध कायम आहे.

20 डिसेंबर

रंगीत तालीम. एक तास बावन्न मिनिटं. बावीस मिनिटं जास्त. मुलांनी रात्री फोनवर बसून सात मिनिटं कापली. बाकीची वेगाने भरून निघतील, असं त्यांचं म्हणणं. "थई जशे, टीचर." होऊन जाईल. या शहरात सगळं 'थई जशे'वर चालतं.

21 डिसेंबर

प्रयोग. सव्वासातला पडदा, सातच्या ऐवजी. पाहुण्यांची वाट पाहिली, त्यांचं भाषणही झालं: शाळेचं नाव उज्ज्वल, संस्कार, संस्कृती. ही पंधरा मिनिटं पोरांच्या कागदावर नव्हती.

नटीच्या गुजराती टोल्यांना हशा आला. गुजरातीच्या बेन पहिल्या रांगेत ओठ हलवत होत्या. बलरामाचे सगळे च दाताला लागले. घटोत्कच ढोलावर आला तेव्हा पीटीच्या सरांनी शिट्टी वाजवली, खरीखुरी, गळ्यातली. साडी सुटली नाही.

सुभद्रेला टाळ्या पडल्या, त्या अपेक्षितच होत्या. वन्स मोअर मात्र आला तो कृष्णाच्या दिंडीला. मागच्या रांगेतल्या आजोबांनी सुरू केलं, मग दांडियाबाजार सगळा. मी पेटीवाल्याच्या शेजारी बसले होते, माझी बोटं आपोआप गुडघ्यावर पांढरी दोन शोधायला लागली. कृष्णाने विंगेकडे पाहिलं. मीही पाहिलं. ती घड्याळ बघत होती. आठ वाजून वीस. टॉर्च तिच्या हातात होती, तिने मान हलवली: नाही.

मी हातानेच तिला 'दे ना' अशी खूण केली. तिने माझ्याकडे पाहिलं, पुन्हा मान हलवली आणि पुढच्या प्रकाशाचा इशारा दिला. कृष्णाने प्रेक्षकांना हात जोडले आणि पुढचं वाक्य घेतलं. हॉल अजून ओरडत होता. मला इतका राग आला आणि इतका अभिमान वाटला की दोन्ही एकदम कसे मावले कोण जाणे. या मुलीला जूनमध्ये हजेरीला 'प्रेझेंट' म्हणायला जीव खालीवर व्हायचा. आज तिने चारशे माणसांना आणि मला नाही म्हटलं, आणि ती बरोबर होती: शेवटचा पडदा आठ वाजून एक्कावन्नला पडला, खुर्च्या उचलायला नऊ मिनिटं उरली.

23 डिसेंबर

स्टाफरूममध्ये भांडण, गोड. साडी कोणाची, तर शिवण क्लबच्या टीचरची. पेटी भौतिकशास्त्राची. भाऊराव इतिहासाचे. घटोत्कच क्रीडा विभागाचा. मला विचारलं तुमचं काय? मी म्हटलं बिल. ड्रेसवाल्याचे साडेसहा हजार माझ्या नावावर आहेत.

शिक्षक अभिमान बाळगतात तो असाच, वाटा मागून. मला त्यात काही गैर वाटत नाही. भाषणातल्या उज्ज्वल नावापेक्षा हे बरं. इथे निदान कोणी काय केलं ते माहीत असतं.

24 डिसेंबर

हिशेब. पेटी फंडात तेवीसशे जमले, त्यातून भाता बदलून घेऊ. अर्जुनाचे बाण परत आले, एक कमी. संन्याशाची दाढी सापडत नाही. आठवीचा एक मुलगा काल ती लावून बसने गेला असं ऐकते. गाद्या आणि सतरंज्या शेजारच्या मंडळाला पोचवल्या.

रुक्मिणी गणिताच्या सराव परीक्षेला बसली. किती मिळाले ते सर सांगत नाहीत, पण काल रागावले नव्हते.

बॅकस्टेजवालीचा कागद गुजराती विभागाने मागितलाय, उत्तरायणानंतर त्यांचं एकांकिकेचं आहे. ती म्हणाली, कागद नाही देणार, मी येईन. पण वन्स मोअरचा रकाना आधी मान्य करा.